अर्धा पासवर्ड

मी कीबोर्ड बोलतोय. पण थांबा, आधी मागे वळून बघा, कोणी उभं तर नाही ना? नसेल तर पुढे वाचा. घरादाराची गुपितं ज्याच्या अंगावरून जातात, तो संशयी नसेल तर काय भोळा सांब असेल?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला पडदा दिसत नाही. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरला जोडलाय म्हणजे त्याच्या पोटातलं सगळं याला ठाऊक. छे! मी आपला टेबलावर उताणा, छताकडे तोंड करून पडलेला. मला कळतात ती बोटं आणि ऐकू येतं ते बोलणं. बाकी सगळा अंदाज. आणि अंदाज म्हटला की संशय आलाच.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्या जन्मल्या एका लोखंडी बोटाने माझं एकेक बटण दाबून पाहिलं. तेवढ्यावरही भरवसा नसावा, कारण लगेच एका बाईने तेच सगळं स्वतःच्या बोटाने पुन्हा दाबून पाहिलं. मग खोक्यात घातलं, खोक्यावर सील लावलं, सीलवर शिक्का मारला. म्हणजे बघा, माझ्या पाळण्यातच कोणाचा कोणावर विश्वास नव्हता.

दुकानातून मला घरी आणलं ते किल्लीकाकांनी. त्यांचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. सगळी गल्ली त्यांना किल्लीकाकाच म्हणते. घराच्या तळमजल्यावर त्यांचं किल्ल्या-कुलपांचं दुकान आहे. हरवलेल्या किल्लीची जोडी करून द्यायची, अडलेलं कुलूप सोडवायचं, हा त्यांचा धंदा. मला घेताना त्यांनी कानाजवळ धरून एकेक बटण वाजवून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "काका, पेटी घेताय का कीबोर्ड?" काका म्हणाले, "आवाजावरून माल कळतो." तेव्हाच मला वाटलं, या माणसाचं आणि आपलं जमेल.

घरात माणसं मोजकी. काका, काकू आणि त्यांचा मुलगा. मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून बसतो आणि घरी आल्यावर तो सगळा राग माझ्या एंटरवर काढतो. काकू मला ओल्या फडक्याने पुसतात. मला बुडवून मारायचा त्यांचा बेत आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. काका एका बोटाने टाइप करतात, किल्ली फिरवावी तसं बोट दाबून किंचित वळवतात.

काकांचा एक नियम होता: एका घराला एक किल्ली. पुढचं दार, गच्ची, दुकानाचं मागचं शटर, माळ्यावरची पेटी, सगळं एकाच किल्लीने उघडायचं. कुलपंच त्यांनी तशी घडवून बसवली होती. "जुडगा वागवतो तो वॉचमन," ते म्हणायचे, "घरच्या माणसाला एक किल्ली पुरते." ज्याच्या हातात ती किल्ली, तो घरचा. सोपा हिशेब होता.

कॉम्प्युटर आला तेव्हा तोच नियम त्यालाही लागू झाला. एकच पासवर्ड. तो काकांनी स्वतः तयार केला. लांबलचक, वेडावाकडा, मधूनच आकडा, मधूनच चिन्ह. "ब्रह्मदेवाचा बाप आला तरी उघडणार नाही," असं त्यांनी घराला सांगितलं. मेलला तोच, दुकानाच्या पानाला तोच, जिथे जिथे कॉम्प्युटर विचारेल तिथे तिथे तोच. तो माझ्या अंगावरून इतक्यांदा गेलाय की त्याच्या बटणांवरची अक्षरंही पुसट झाली.

मग मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. काकांनी पहिल्याच आठवड्यात तिच्या हातावर किल्ली ठेवली आणि पासवर्ड कानात सांगितला. "आता तू घरची," म्हणाले.

सूनबाईचं काम कॉम्प्युटरवरचं. लोकांचे जुने, फाटके, ओल लागलेले फोटो ती दुरुस्त करते. कोणाच्या आजोबांचा कान गेलेला असतो, कोणाच्या मावशीच्या गालावरून घडी गेलेली असते. ती तासन्‌तास बसून ते भरून काढते. गिऱ्हाइकं फोटो मेलवर पाठवतात, ती मेलवरच परत करते. तिची बोटं फार हलकी, बटण दाबलं की नाही हेच मला कळायचं नाही. शिवाय ती मला बारीक ब्रशने साफ करायची. न मागता सेवा करणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, असं माझं ठाम मत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटर म्हणतोय आपला पासवर्ड फुटलाय."

"कोण म्हणतोय?"

"कॉम्प्युटर. मोठ्या लाल अक्षरात आलंय."

"त्याला काय कळतंय कुलपातलं? कर बंद."

मुलाने बंद केलं. ती सूचना पुन्हा आली, पुन्हा बंद केली. आणि एका सकाळी समोरच्या शिंपीणबाई तरातरा जिना चढून वर आल्या.

"काका, तुमच्या नावाने मेल आला म्हणून मी उघडला, तर माझा कॉम्प्युटर आडवा पडला! सगळ्या गल्लीला आलाय तो मेल. जगाला कुलपं विकता आणि स्वतःचं दार सताड?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत शिंपीणबाई गेल्या. दुपारपर्यंत आणखी चौघे येऊन गेले. त्यातला एक तर हसत होता. काकांना ते हसणं फार लागलं.

संध्याकाळी सगळे माझ्याभोवती जमले. काका म्हणाले, "कुलूप फोडलेलं नाही. किल्लीने उघडलंय."

"म्हणजे?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे किल्ली बाहेर गेली. आणि किल्ली बाहेर जाते ती घरातूनच. जन्मभर हेच बघत आलोय. दार उघडं सापडतं, लोक चोराला शिव्या देतात, आणि किल्लीचा साचा घेतलेला असतो घरच्याच कोणीतरी."

"अहो, पण घरात आहे कोण? तुम्ही, मी, हा आणि..." काकू बोलता बोलता थांबल्या. नको तिथे थांबल्या. त्या थांबण्यात सगळं आलं.

सूनबाई म्हणाली, "बाबा, मी कोणालाच सांगितलेला नाही."

"मी कोणाचं नाव घेतलंय का?" काका म्हणाले. आणि नाव न घेताच ते तिच्याशी बोलायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराचं कुलूप बदललं. फुटला होता पासवर्ड, बदललं दाराचं कुलूप! पण ज्याला जे येतं तेच तो करतो. नव्या किल्ल्या केल्या. काकूंना एक दिली, मुलाला एक दिली. सूनबाईला म्हणाले, "तुझी उद्या करतो. पितळ संपलंय."

तळमजल्यावर पितळेच्या कोऱ्या किल्ल्यांची पेटी भरलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलायचं काम मुलाकडे आलं. त्याने काय केलं असेल? तोच जुना पासवर्ड, शेवटी एक आकडा जास्त. मी सुन्न झालो. दाराला जुनंच कुलूप ठेवून वर रंग दिल्यासारखंच ते. पण मला विचारतो कोण? हा नवा पासवर्ड सूनबाईला सांगायचा नाही, असं ठरलं. तिला कामाला बसायचं असेल तेव्हा काका वर यायचे, तिला खोलीबाहेर उभं करायचे, पासवर्ड टाकायचे आणि मग म्हणायचे, "ये." मग मागे स्टुलावर बसून राहायचे.

तिची बोटं त्या दिवसांत सारखी चुकायची, टाइप केलेलं खोडायची. मी मात्र ठरवलं होतं, चोराची बोटंही चुकतात. फसायचं नाही.

पण एक गोष्ट मला खटकली. आठवड्याभराने गल्लीत पुन्हा तसेच मेल गेले. तिला तर नवा पासवर्ड माहीतच नव्हता! काकांना हे का खटकू नये? त्यांना खटकलं नाही. मनात एकदा भूत बसलं की त्याला हिशेब लागत नाही. ते म्हणाले, "ओळखला असेल. हुशार आहे."

सूनबाई रोज बाजारातून, पोस्टातून आली की खाली दारात उभी राहून बेल वाजवायची. मला वरपर्यंत ऐकू यायची. घरचे बाकी सगळे किल्लीने यायचे, त्यामुळे बेल वाजली की ती तीच, हे सगळ्यांना कळायचं. काकू धावत जाऊन दार उघडायच्या आणि रोज म्हणायच्या, "अगं, मी आज सांगते यांना." सांगायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

एका दुपारी तिने नवऱ्याला माझ्याजवळच उभं राहून सांगितलं, "मी आईकडे जाते."

"किती दिवस?"

"माझ्याच घरात मी बेल वाजवून येते. तू रोज किल्लीने येतोस आणि मला विचारतोस, किती दिवस?"

गाडी शिकवणारा माणूस, पण इथे त्याला ना ब्रेक सापडला ना क्लच. शेवटी म्हणाला, "बाबांना थोडा वेळ दे."

"दिला की! आता माझे फोटो घेते आणि निघते."

काकांनी कॉम्प्युटर उघडून दिला होता, पण मागे स्टुलावर बसायच्या आत गिऱ्हाईक आलं म्हणून ते खाली दुकानात गेले होते. ती आपलं काम गोळा करायला बसली. आणि मला तिची बोटं एकदम थांबल्याचं जाणवलं. ती लाल सूचना पुन्हा आली असणार. इतके दिवस प्रत्येकाने ती बंद केली होती. हिने खालची ओळ उघडून वाचली, मोठ्याने वाचली. तुमचा जुना पासवर्ड अमुक संकेतस्थळावरून चोरीला गेलेल्या यादीत सापडला आहे.

"आई," तिने हाक मारली, "आपल्याकडे शब्दकोडी कोण सोडवतं?"

काकू आतून हसल्या. "आणखी कोण? दुपारी दुकान बंद करून वर येतात आणि माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीत. आडवा शब्द सांग, चार अक्षरी सांग. का गं?"

मला लख्ख आठवलं. दुपारी काकांचं बोट पासवर्ड टाकायचं आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग एक अक्षर. मग पुन्हा काही नाही. मला वाटायचं म्हातारा पेंगतोय!

सूनबाईने काकांना वर बोलावलं. आता ही सगळ्या घरासमोर त्यांचे वाभाडे काढणार, अशी माझी खात्री होती. मी असतो तर काढले असते. तिने काकूंनाही स्वयंपाकघरातच राहायला सांगितलं आणि त्यांना एकट्यालाच खुर्चीवर बसवलं.

"बाबा, त्या शब्दकोड्यांच्या साइटवर तुम्ही कुठला पासवर्ड दिला होता?"

"कुठला म्हणजे? आपलाच. एका घराला..." काका अडखळले. "पण तिथे चोरण्यासारखं काय आहे? आडवे-उभे शब्द?"

"तिथे काही नव्हतं हो. चोरांना तिथे किल्ली सापडली. मग त्यांनी ती एकेका दाराला लावून पाहिली." नंतरचा तो एक जास्तीचा आकडा ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागला असेल?

काकांचं बोट माझ्यावर नुसतं टेकलेलं होतं, दाबलेलं नव्हतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी घराची किल्ली न्हाव्याच्या खुंटीवर टांगून आलो, आणि चोर म्हणून घरच्या पोरीला धरलं."

काका उठले, जिना उतरून गेले. खालून किल्ली घासायच्या यंत्राचा आवाज आला. ते पुन्हा वर आले आणि एकदम माझ्या अंगावर काहीतरी गरम टेकलं. नुकती कापलेली किल्ली होती ती. ती माझ्या एका बटणावर पडली आणि पडद्यावर एकच अक्षर धावत सुटलं असावं, कारण सूनबाईला रडता रडता हसू आलं.

"चुकलो गं," काका म्हणाले. "फार चुकलो."

ती आईकडे गेली नाही. निदान त्या दिवशी तरी नाही, आणि मग राहूनच गेलं.

त्यानंतरच्या दुपारी दोघं शेजारी शेजारी बसून साफसफाईला लागले. कुठे कुठे तो एकच पासवर्ड दिला होता ते निघू लागलं. हवामान सांगणारं पान, कधीकाळी भरलेली स्पर्धा, बंद पडलेल्या आगगाड्यांच्या छंदिष्टांचा गट. काकूंचं विणकामाचं खातं निघालं तेव्हा काका म्हणाले, "तू पण?" काकू म्हणाल्या, "मग? किल्ली मिळाली होती की मला पण." जी खाती नको होती ती बंद केली. जी हवी होती त्यांना प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, तोही यंत्रानेच बनवलेला, कोणाला पाठ होणार नाही असा. ते सगळे ठेवायला एक तिजोरी असते म्हणे कॉम्प्युटरमध्ये. तिला तेवढा एक मुख्य पासवर्ड लागतो.

"तो तूच ठरव," काका म्हणाले. "मला सांगू नकोस. माझी किल्ली जप्त."

"असं नाही चालायचं, बाबा."

काकांनी विचार केला. "मग मोठ्या तिजोरीसारखं करू. तिला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे. दोघं आल्याशिवाय उघडत नाही. अर्धा तुझा, अर्धा माझा."

मुलगा म्हणाला, "आणि एकजण आजारी पडला तर?"

"तर सुट्टी," काका म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी सूनबाई जिन्यात उभी राहून हाक मारते, "बाबा, तिजोरी!" काका गिऱ्हाईक सोडून वर येतात. ते अर्धा टाकतात, तोवर ती खिडकीकडे तोंड करून उभी राहते. मग ती अर्धा टाकते, तेव्हा ते भिंतीकडे बघतात. फक्त एक बदल मला जाणवला. इतकी वर्षं पासवर्ड टाकताना काकांचं तोंड शिवल्यासारखं बंद असायचं. आता ते पुटपुटायला लागले. "मोठा एम... सात... टिंब..." म्हातारपण, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं.

मग काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. ते आणि काकू सकाळीच दवाखान्यात गेले. मुलगा गाडी घेऊन त्यांच्यासोबत. घरात सूनबाई एकटी. तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या घड्याळजींचा फोन आला. त्यांची आई गेली होती. तिचा एकुलता एक फोटो, तोही मधोमध फाटलेला, सूनबाईकडे दुरुस्तीला होता. लोक संध्याकाळी जमणार होते. फोटो पाठवायचा तर मेल उघडायला हवा, आणि मेलची किल्ली तिजोरीत.

ती माझ्यासमोर येऊन बसली. बोटं माझ्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. आणि मग तिने पासवर्ड टाकला. सगळा! काकांचा अर्धा आणि तिचा अर्धा, एका दमात, न अडखळता.

मी थिजलो. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! मग रोज सकाळची ती हाक, तो जिना, ते खिडकीकडे तोंड, हे सगळं नाटक? शेवटी माझाच संशय खरा ठरला, म्हणून मला थोडा आनंदही झाला. मी काय तुमच्यापासून लपवून ठेवू?

दुसऱ्या दिवशी काका डोळ्याला पट्टी लावून याच खोलीत आरामखुर्चीत पडले होते. सूनबाई आत होती. घड्याळजी भेटायला आले. तब्येत विचारली आणि म्हणाले, "सूनबाईंचे फार उपकार झाले. काल दुपारी फोटो पाठवला त्यांनी. आई अगदी समोर बसल्यासारखी दिसत होती."

काल दुपारी. काका तर काल दुपारी दवाखान्यात, डोळे बांधून! आता हा माणूस आरामखुर्चीतून उठणार, पुन्हा कुलूप बदलणार, आणि पुन्हा ती बेल. मला काही सुचेना. मला जीव नाही म्हणतात, पण असता तर तो तेव्हा टांगणीला लागला असता.

काका म्हणाले, "हो. तिच्याकडे किल्ली आहे."

एवढंच. पुढे घड्याळांचं बोलणं सुरू झालं.

आणि आठवड्याने, पट्टी निघाल्यावर, सकाळी जिन्यात हाक आली, "बाबा, तिजोरी!" काका वर आले. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. काकांचं बोट माझ्यावर टेकलं आणि ते पुटपुटू लागले. पुटपुटू कसले, चांगले मोठ्याने म्हणू लागले, प्रत्येक अक्षर सावकाश, कोणाला लिहून घ्यायला सांगावं तसं.

तेव्हा मला नवाच संशय आला. हा माणूस पहिल्या दिवसापासून मुद्दाम तर बोलून दाखवत नव्हता? आपण नसलो तरी पोरीला दाराबाहेर थांबावं लागू नये म्हणून? आणि ती, सगळं पाठ असून रोज त्यांना हाक मारते, ती त्यांना दाराबाहेर ठेवायचं नाही म्हणून? जन्मभर संशय घेतला, पण असला संशय कधी आला नव्हता. कसा सांभाळावा तेच कळत नाही.

आता माझे दिवस भरत आले आहेत. स्पेसबार चिकटतो, दोन बटणं तर एकदा दाबली की वरच येत नाहीत. मुलाने नवा कीबोर्ड आणलाय, बिनवायरीचा. हवेतून बोलणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, मला कळत नाही, पण ते त्यांचं ते बघतील. मी माळ्यावर जाईन, जुन्या कुलपांच्या पेटीशेजारी.

तुमचे जुने पासवर्ड बदला, ती लाल सूचना आली की खालची ओळही वाचा, हे मी सांगायला हवं असं नाही. माझं मागणं वेगळंच आहे. कधी या घरी आलात, काकांची नि सूनबाईची गाठ पडली, तर तुम्हाला जे कळलंय ते दोघांपैकी कोणालाही बोलू नका. तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाही, पण सांगायला दुसरं कोणी मिळालं नाही. उद्या सकाळी तिने हाक मारायला हवी, आणि त्यांनी जिना चढून यायला हवा.